वहीच्या जागी आलेले यंत्र : छोट्या व्यवसायासाठी लॅपटॉपची निवड

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणत्याही पेढीवर जावे. चौरंगावर नव्या रोजकीर्द-खतावणीच्या वह्या मांडलेल्या असतात, पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखलेले असते, शेजारी लाह्या-बत्तासे आणि झेंडूची फुले असतात. गेल्या काही वर्षांत त्याच चौरंगावर आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. ती म्हणजे दुकानाचा लॅपटॉप. त्यालाही हळदकुंकू वाहिले जाते. फक्त ते कळफलकाच्या फटींत सांडू नये एवढी काळजी घेतली जाते.

या पूजेत मोठा अर्थ आहे. मालाचा साठा, येणे-देणे, बिले, कराची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार ही व्यवसायाची सारी स्मृती आता त्या यंत्रात साठविलेली असते. तथापि वही विकत घेताना जो विचार कधी करावा लागला नाही, तो हे यंत्र घेताना करावा लागतो. वहीला वाळवी लागे, ती पाण्यात भिजे. परंतु ऐन महिन्याच्या हिशेबाच्या वेळी वही उघडलीच नाही, असे कधी घडले नाही.

माझ्या परिचयातील एका घाऊक व्यापाऱ्याचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. तालुक्याच्या गावी विजेच्या सामानाचा त्यांचा व्यवसाय आहे. सणासुदीच्या सवलतीत त्यांनी एक देखणा, सडपातळ लॅपटॉप घेतला. वर्ष पुरे होण्यापूर्वीच, महिन्याच्या ९ तारखेला सकाळी, तो सुरूच होईना. दुरुस्ती केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी होते. मदरबोर्ड गेला असून सुटा भाग यावयास वेळ लागेल, असे तेथे सांगण्यात आले. आतील साठवणुकीची चकती काढून दुसऱ्या यंत्राला जोडून पाहिली, तर पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली गेली. अशी काही किल्ली असते, हेच पेढीवर कोणास ठाऊक नव्हते. हिशेबाची अखेरची प्रत तीन महिन्यांपूर्वीची होती.

दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावा लागतो. तो वेळेवर गेला नाही, तर १४ तारखेला खरेदीदारांसाठी तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी या पत्रकात त्या बिलांची नोंद येत नाही आणि खरेदीदाराला त्या महिन्यात कराची वजावट घेता येत नाही. नेमके तेच झाले. दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी वजावट दिसेपर्यंत पैसे थांबविले. बिलांच्या कागदी स्थळप्रतींवरून सारा हिशेब पुन्हा भरताना दोन माणसांचे बारा दिवस गेले. पुढे असे कळले, की ती ४८ अंकी किल्ली प्रथम यंत्र सुरू करून देणाऱ्या भाच्याच्या खात्यात सुरक्षित होती.

यातील खरी मौज पुढेच आहे. दुरुस्तीला एक रुपयाही लागला नाही, कारण यंत्र हमीच्या मुदतीत होते. हमी होती ती यंत्राची, कामाची नव्हती. छोट्या व्यवसायासाठी लॅपटॉप निवडताना हा भेद ध्यानी ठेवला, तर पुढील बरेच निर्णय सोपे होतात.

विश्वासार्हता मोजावी कशी?

विश्वासार्ह यंत्र म्हणजे कधीच न बिघडणारे यंत्र, अशी आपली समजूत असते. असे यंत्र जगात नाही. व्यवसायाच्या दृष्टीने विश्वासार्हतेची तीन अंगे आहेत. यंत्र क्वचित बिघडावे, बिघडल्यास लवकर दुरुस्त व्हावे आणि ते दुरुस्तीला गेले असताना काम अडू नये. पहिले अंग बांधणीवर, दुसरे हमीपत्रावर आणि जवळच्या सेवेवर, तर तिसरे सर्वस्वी आपल्यावर अवलंबून आहे. जाहिरातीत मात्र वेगाचे आकडे तेवढे मोठ्या अक्षरांत असतात.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, घरगुती वापराचा लॅपटॉप आणि व्यावसायिक श्रेणीचा लॅपटॉप यांच्या किमतीत १५,००० रुपयांचा फरक आहे. यंत्र चार वर्षे चालावयाचे आणि वर्षाला ३०० दिवस काम व्हावयाचे असे धरले, तर हा फरक दिवसाला साडेबारा रुपये पडतो. उलटपक्षी, त्या यंत्रावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतन दरमहा १८,००० रुपये असेल, तर २६ दिवसांच्या महिन्यात त्याचा एक रिकामा दिवस सुमारे ६९० रुपयांना पडतो. केवळ वेतनाचाच विचार केला, तर चार वर्षांत असे २२ दिवस वाया गेल्यावर फरक भरून निघतो. परंतु न निघालेली बिले, अडकलेली येणी आणि दुखावलेली गिऱ्हाइके यांचाही हिशेब मांडला, तर त्याच्या कितीतरी आधीच स्वस्त यंत्र महाग ठरते. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब स्वतः करावा. ज्याचे काम दोन दिवस थांबले तरी बिघडत नाही, त्याने अधिक किंमत मोजण्याचे कारण नाही.

लॅपटॉपच हवा का?

खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न हाच असावा. बिले करण्याचे काम एकाच गल्ल्यावर, एकाच जागी होत असेल, तर टेबलावरचा संगणक आणि त्यास जोडलेला यूपीएस हा पर्याय आजही उत्तम आहे. त्याचा कोणताही भाग स्वतंत्रपणे बदलता येतो आणि गावातील कारागीरही तो दुरुस्त करू शकतो. मालकाला हिशेब घरी न्यावा लागतो, सनदी लेखापालाकडे जावे लागते, प्रदर्शनात किंवा गिऱ्हाइकाकडे दरपत्रक दाखवावे लागते, अथवा वीज वारंवार जाते, तेथे लॅपटॉप योग्य. त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस होय.

दोन यंत्रे लागणार असतील, तर एक महागडे आणि एक अगदी स्वस्त घेण्यापेक्षा मध्यम किमतीची, एकाच नमुन्याची दोन घ्यावीत. चार्जर एकमेकांना चालतात, एका यंत्राची सवय दुसऱ्यावर उपयोगी पडते आणि एक आजारी पडले की दुसरे त्याची जागा घेते.

नाव एक, घराणी दोन

बहुतेक कंपन्या लॅपटॉपची दोन घराणी बाळगतात. एक घरगुती, विद्यार्थ्यांसाठी व करमणुकीसाठी. दुसरे कार्यालयीन कामासाठी. लेनोव्होचे थिंकपॅड, एचपीचे प्रोबुक आणि एलिटबुक, एसरचे ट्रॅव्हलमेट, असुसचे एक्स्पर्टबुक ही दुसऱ्या घराण्याची उदाहरणे. थिंकपॅड मूळचे आयबीएम कंपनीचे. १९९२ साली बाजारात आलेले हे नाव २००५ साली आयबीएमच्या संगणक व्यवसायासह लेनोव्होकडे गेले. डेलची या श्रेणीतील यंत्रे लॅटिट्यूड या नावाने प्रसिद्ध होती; जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने आपली नावे बदलली आणि या श्रेणीला डेल प्रो असे नाव दिले. तेव्हा केवळ कंपनीचे नाव पाहून भागत नाही, घराणेही पाहावे लागते.

व्यावसायिक श्रेणीत दिखाऊपणा कमी आणि बांधणीकडे लक्ष अधिक असते. बिजागऱ्या भक्कम असतात, तळाचे झाकण स्क्रू काढून सहज उघडता येते, रॅम, साठवणूक, बॅटरी किंवा कळफलक बदलणे त्यामानाने सोपे जाते, आणि सुटे भाग अधिक वर्षे मिळतात. अर्थात याही श्रेणीत काही नमुने अतिशय पातळ असतात व त्यांतील रॅम मदरबोर्डला कायमची जोडलेली असते. म्हणून नमुन्याचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासह, लिहून घ्यावा आणि कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावा. एकाच नावाखाली एका अक्षराच्या फरकाने वेगळी रॅम आणि वेगळा पडदा असलेली यंत्रे विकली जातात.

जाहिरातीत ‘एमआयएल-एसटीडी-८१०’ असा एक भारदस्त उल्लेख आढळतो. ही अमेरिकी संरक्षण खात्याची चाचणीपद्धती आहे. तिची ‘एच’ ही आवृत्ती २०१९ सालची. धूळ, दमटपणा, कंप, आघात, तापमान अशा अनेक कसोट्या तीत सांगितल्या आहेत. परंतु कोणत्या कसोट्या घ्याव्यात हे कंपनी स्वतः ठरविते आणि अमेरिकी सरकार अशा लॅपटॉपला प्रमाणपत्र देत नाही. म्हणून ‘लष्करी दर्जा’ हे शब्द वाचून न भुलता, कोणकोणत्या कसोट्या घेतल्या हे विचारावे. उल्लेख अगदीच पोकळ नसतो; मात्र तो विम्यासारखा समजू नये.

आत काय असावे?

हिशेब, बिले, पत्रव्यवहार, ई-मेल आणि बँकिंग एवढ्या कामासाठी सर्वांत वेगवान प्रोसेसर लागत नाही. अलीकडच्या पिढीचा मध्यम प्रतीचा प्रोसेसर, म्हणजे इंटेलचा कोअर ५ अथवा एएमडीचा रायझन ५ या प्रतीचा, पुरेसा असतो. वाचलेले पैसे रॅममध्ये घालावेत. ८ जीबी ही किमान मर्यादा समजावी. चार वर्षे यंत्र वापरावयाचे असेल तर १६ जीबी घ्यावी, किंवा ८ जीबी घेऊन दुसरी खाच रिकामी असल्याची खात्री करावी.

साठवणुकीसाठी एसएसडी असावी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती चकती असे आणि धक्क्याने ती निकामी होई. एसएसडीत फिरता भाग नाही. मात्र तिचाही एक दोष आहे. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरते, एसएसडी मात्र कोणतीही सूचना न देता एकाएकी जाऊ शकते आणि मग आतील माहिती परत मिळविणे कठीण होते. अगदी स्वस्त यंत्रांत ईएमएमसी नावाची, मदरबोर्डलाच जोडलेली साठवणूक असते. ती हळू चालते आणि बदलता येत नाही. व्यवसायासाठी ती टाळावी.

आता काही गोष्टी अशा, ज्या माहितीपत्रकात कोपऱ्यात असतात, परंतु पेढीवर रोज लागतात. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बिलांचा प्रिंटर, बारकोड वाचक ही उपकरणे बहुधा जुन्या चौकोनी यूएसबी खाचेत बसतात. अतिशय पातळ लॅपटॉपला नुसत्या लहान, सी प्रकारच्या खाचा असतात. विवरणपत्रावर स्वाक्षरी करावयाच्या रात्री जोडणी शोधत फिरण्यापेक्षा, किमान दोन चौकोनी खाचा आहेत ना हे आधीच पाहावे. तसेच आकड्यांचे काम करणाऱ्याची बोटे उजवीकडच्या स्वतंत्र अंकपट्टीला सरावलेली असतात. ती बहुधा १५.६ इंची यंत्रात असते, १४ इंचीत नसते. फिरतीवर लहान यंत्र बरे, टॅलीसारख्या प्रणालीवर दिवसभर नोंदी करावयाच्या असतील तर मोठे बरे.

विंडोजच्या अधिकृत प्रतीसह येणारे यंत्रच घ्यावे. ‘डॉस’ असलेला लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त मिळतो. मग दुकानदार त्यावर ‘सर्व काही भरून’ देतो. ही चोरटी प्रत पुढे सुरक्षेच्या सुधारणा नीट घेत नाही आणि ती चालू करण्यासाठी वापरलेल्या साधनांतूनच घातक प्रणाली यंत्रात शिरू शकते. ज्या यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याच्या घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखेच हे होय.

हमीपत्र वाचण्याची कला

हमीची वर्षे सर्व जण विचारतात, प्रकार मात्र कोणी विचारत नाही. एका प्रकारात यंत्र आपण केंद्रावर नेऊन द्यावयाचे असते. दुसऱ्यात तंत्रज्ञ आपल्या जागी येतो. व्यवसायासाठी दुसरा प्रकार अधिक मोलाचा. पुढील कामाच्या दिवशी सेवा, असे वचन दिलेले असले तरी ते आपल्या गावाच्या पिन कोडला लागू आहे का, हे लेखी विचारावे. पुण्यात किंवा इंदूरला जी सेवा दुसऱ्या दिवशी मिळते, ती आडगावीही तशीच मिळेल असे गृहीत धरू नये.

तीन वर्षांची हमी असली तरी बॅटरीवर बहुधा एकाच वर्षाची असते. पडणे, पडदा फुटणे, चहा सांडणे हे साध्या हमीत बसत नाही. त्यासाठी अपघाती हानीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पेढीवरच्या लॅपटॉपचा सर्वांत मोठा शत्रू चहाचा पेला हाच असल्याने हा खर्च सहसा वाया जात नाही. हमीची मुदत वाढवून घ्यावयाची असेल, तर ती मूळ मुदत संपण्यापूर्वी घ्यावी. खरेदीनंतर लगेच कंपनीच्या संकेतस्थळावर यंत्राचा अनुक्रमांक घालून हमी कोणत्या तारखेपासून सुरू झाली हे पाहावे. यंत्र दुकानात पडून असेल तर ही तारीख कधी कधी मागचीच निघते. बिल दाखवून ती दुरुस्त करून घ्यावी.

ऊन, धूळ आणि वीज

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंश सेल्सिअस ही तापमानाची वरची मर्यादा दिलेली असते. नागपूर, चंद्रपूर किंवा जयपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली ही मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. यंत्र लगेच बंद पडत नाही. ते स्वतःला वाचविण्यासाठी हळू चालू लागते, पंखा सतत घुमतो आणि बॅटरीचे आयुष्य घटते. इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांवर कापसाची तुसे, पीठगिरणीत पिठाची धूळ पंख्याच्या जाळीत साचते. अशा ठिकाणी तळ उघडून साफ करता येणारे यंत्र निवडावे आणि वर्षातून एकदा ते साफ करून घ्यावे. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये.

जुन्या पेढ्यांवर गादी-तक्क्याची बैठक अजून आहे. लॅपटॉप नेमका त्या मऊ गादीवर ठेवला जातो आणि तळाच्या हवेच्या खाचा बुजतात. साधी लाकडी फळी किंवा पूर्वीचे मुनीमजींचे उतरते मेज खाली घेतले, तरी पुष्कळ बिघाड टळतात.

विजेची जोडणी नीट अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या खाचेतच असावी. चार्जिंग चालू असताना धातूच्या अंगाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर जोडणी तपासून घ्यावी. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की चार्जर आणि इंटरनेटची तार, दोन्ही काढून ठेवावीत. यंत्र दिवसभर विजेवरच चालत असेल, तर कंपनीने दिलेल्या सोयीने बॅटरीचे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावे. बॅटरी फुगून कळफलक किंवा स्पर्शपट्टी वर उचललेली दिसली, तर यंत्र त्याच क्षणी वापरातून काढावे. तेथे काटकसर नको, आग लागू शकते.

जुने घ्यावे का?

मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले व्यावसायिक श्रेणीचे लॅपटॉप नूतनीकरण करून विकले जातात. नव्या हलक्या यंत्रापेक्षा असे जुने भक्कम यंत्र कधी कधी सरस ठरते. मात्र येथे एक नवी अडचण उद्भवली आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्याहून जुनी यंत्रे बाजारात फार स्वस्त मिळतात, आणि स्वस्त मिळण्याचे कारणही बहुधा हेच असते. म्हणून जुने घेताना प्रोसेसरची पिढी पाहावी, बॅटरी नवी बसवून घ्यावी, पक्के बिल आणि किमान सहा महिन्यांची लेखी हमी घ्यावी. एकमेव मुख्य यंत्र म्हणून नव्हे, तर राखीव यंत्र म्हणून असा लॅपटॉप अतिशय उपयोगी पडतो.

यंत्र जाईल, हिशेब राहावा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१५ साली चेन्नई, २०१९ साली सांगली-कोल्हापूर, २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी उत्तम यंत्र आणि सामान्य यंत्र सारखेच बुडते. म्हणून विश्वासार्हतेचे तिसरे अंग यंत्राबाहेर असते.

यासाठी तीन-दोन-एक हा नियम प्रसिद्ध आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी. पेढीच्या भाषेत सांगावयाचे तर मूळ हिशेब लॅपटॉपमध्ये, दुसरी प्रत रोज संध्याकाळी बाह्य डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणुकीत किंवा घरी. बाह्य डिस्क काम होताच काढून ठेवावी. ती सतत जोडलेली राहिली, तर खंडणीखोर प्रणालीच्या हल्ल्यात मूळ प्रतीबरोबर तीही जाते. तसेच महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून हिशेब खरोखर उघडून पाहावा. न उघडलेली प्रत म्हणजे न वटलेला धनादेश.

हा नुसता सल्ला नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील नियम ५७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींची योग्य प्रत अशा रीतीने जतन करावयाची असते, की अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्यास वाजवी मुदतीत त्या पुन्हा उभ्या करता याव्यात. शिवाय कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. लॅपटॉपचे आयुष्य चार-पाच वर्षांचे आणि हिशेबाचे त्याहून अधिक, ही गोष्ट यातून आपोआप सिद्ध होते.

आता त्या ४८ अंकी किल्लीविषयी. नवीन विंडोज यंत्रांत आतील माहिती आपोआप कुलूपबंद होऊ शकते. लॅपटॉप चोरीला गेला, तरी चोराला हिशेब वाचता येऊ नये हा त्यामागील चांगला हेतू. परंतु मदरबोर्ड बदलला की यंत्र मालकालाही ओळखत नाही आणि किल्ली मागते. ती किल्ली यंत्र सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. म्हणून ते खाते व्यवसायाच्या स्वतःच्या ई-मेलवर उघडावे; भाच्याच्या, शेजाऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या नव्हे. किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत किंवा लॉकरमध्ये ठेवावी.

पैशाची जुळणी

लॅपटॉपवर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर लागतो. ५०,००० रुपयांच्या यंत्रावर तो ९,००० रुपये होतो. नियमित करदात्याला या रकमेची वजावट घेता येते. मात्र बिल व्यवसायाच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह असावे लागते. इंटरनेटवरून मागविताना हा क्रमांक घालावयाचे राहिले, तर साधे ग्राहक-बिल येते आणि वजावट अडचणीत येते. आपसमेळ योजनेतील, म्हणजे कंपोझिशन योजनेतील, व्यापाऱ्याला ही वजावट नसते. ज्या कराची वजावट घेतली, ती रक्कम घसाऱ्याच्या हिशेबात धरता येत नाही, हेही लक्षात असावे.

१९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांत फर्निचरवर १० टक्के, तर संगणकावर ४० टक्के घसारा ठरविण्यात आला होता. संगणक लवकर म्हातारा होतो, हे सरकारनेही मान्य केल्याचेच हे द्योतक. म्हणून कर्ज काढून यंत्र घेताना परतफेडीची मुदत यंत्राच्या आयुष्यापेक्षा कमी ठेवावी. तीन वर्षांत फिटणारे कर्ज योग्य. यंत्र भंगारात गेल्यावरही हप्ता चालू राहणे योग्य नव्हे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी ‘शिशु’ ही श्रेणी ठेवण्यात आली; छोट्या व्यावसायिकाच्या पहिल्या यंत्रसामग्रीसाठी अशा कर्जाचा विचार करता येतो. दोन विक्रेत्यांची लेखी दरपत्रके घेऊन आपल्या शाखेत चौकशी करावी.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. हे यंत्र आठ दिवस बंद राहिले, तर माझे कोणते काम अडेल? त्या काळात काम कशावर करीन?
२. नमुन्याचा पूर्ण क्रमांक कोणता? तो कार्यालयीन श्रेणीतील आहे काय?
३. रॅम, एसएसडी आणि बॅटरी बदलता येते काय?
४. स्वाक्षरीचे टोकन व प्रिंटर यांसाठी पुरेशा खाचा आहेत काय?
५. विंडोजची अधिकृत प्रत सोबत आहे काय?
६. माझ्या पिन कोडवर तंत्रज्ञ घरी येतो काय? किती दिवसांत?
७. बॅटरीवर आणि अपघाती हानीवर हमी किती?
८. दुरुस्तीला देताना एसएसडी माझ्याजवळ ठेवता येईल काय?
९. बिलावर माझा जीएसटी क्रमांक आला काय?
१०. कुलपाची किल्ली कोणाच्या खात्यात आहे, आणि ती कागदावर उतरविली काय?

वर उल्लेखिलेल्या व्यापाऱ्यांनी पुढे काय केले, हे सांगून हा लेख पुरा करतो. त्यांनी नवे, अधिक महाग यंत्र घेतले नाही. दुरुस्त होऊन आलेलेच वापरले, जोडीला नूतनीकरण केलेला एक जुना व्यावसायिक लॅपटॉप घेतला आणि एक बाह्य डिस्क घेतली. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की दुकानातील मुलगी ती डिस्क जोडते, प्रत काढते आणि डिस्क मालकांच्या पिशवीत ठेवते. गेल्या दिवाळीत चौरंगावर वह्या होत्या, दोन्ही लॅपटॉप होते आणि त्यांच्याशेजारी ती छोटी काळी डिस्कही होती. पुरोहितांनी ती काय आहे असे विचारले, तेव्हा मालक म्हणाले, “गुरुजी, खतावणी हीच.”